पावती नसलेली नोंद

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचं एक अडत दुकान होतं. मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. वह्या सांभाळायला एक दिवाणजी होते. त्यांची शाळा सातवीत सुटली होती आणि अण्णांच्या उमेदीच्या काळापासून ते त्याच गादीवर बसत होते.

अण्णांची तीन नातवंडं २०१४ साली एकाच वेळी बारावी कॉमर्स झाली. थोरल्या मुलाची मृणाल, मुलीचा दिगंबर आणि धाकट्या मुलाचा ओंकार. तिघांनाही हिशोबाच्याच धंद्यात जायचं होतं आणि अण्णांना त्याचं नवल वाटलं नाही. सौदे संपले की दिवाणजींच्या शेजारी बसायचं आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई, अडत वजा होताना बघायचं, यातच पोरांच्या सुट्ट्या गेल्या होत्या.

प्रश्न एवढाच होता की शिकायचं कुठं. एक वाट कॉलेजची होती. तीन वर्षं बी.कॉम. करायचं, पाया पक्का करायचा आणि मग सीएच्या मागं लागायचं. दुसरी वाट ऑफिसची. सीपीटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, आयपीसीसी या मधल्या परीक्षेचा एक ग्रुप सोडवायचा, की एखाद्या सीएच्या हाताखाली तीन वर्षांची आर्टिकलशिप सुरू. पदवी मागाहून, बाहेरून.

घरात यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणालं, पदवीशिवाय माणसाला किंमत नाही. कोणी म्हणालं, पुस्तकातलं पुस्तकात राहतं, बाजारात वेगळंच असतं. मला स्वतःला हा वाद फार जुना वाटतो, आणि आपल्याकडे तो एका अर्थी शंभर वर्षांपूर्वीच मिटला होता. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं आणि कॉमर्सला कॉलेजात जागा मिळाली. १९१८ साली मुंबईतच हिशोबतपासनिसांसाठी सरकारी पदविका सुरू झाली. पण नुसती पदविका पास होऊन परवाना मिळत नसे. मान्यताप्राप्त हिशोबनिसाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी केली की मगच तो मिळायचा. पुढं १९४९ साली कायदा होऊन सीएंची संस्था उभी राहिली, आणि तिथंही परीक्षा आणि उमेदवारी दोन्ही राहिल्या. म्हणजे अभ्यास की काम हा प्रश्न मुळात नव्हताच. आधी कशाला हात घालायचा, एवढंच ज्याचं त्यानं ठरवायचं होतं.

मृणालचं ठरलेलं होतं. ती लहानपणापासून 'का' विचारणारी. दिवाणजी शिकवायचे, "येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा." ती विचारायची, "का पण?" दिवाणजी म्हणायचे, "अगं, तशी रीतच आहे." तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही. ती पुण्याला गेली, बीएमसीसीत प्रवेश घेतला आणि रोज वर्गात जाऊन बसायला लागली. गंमत म्हणजे वर्गात बसणारे थोडेच असायचे. बाकीचे क्लासला.

दिगंबरच्या घरची तऱ्हा वेगळी होती. वडिलांचं मोठं ऑपरेशन झालं होतं, त्यात नोकरीही सुटली होती. होस्टेल आणि मेसचा खर्च अण्णा द्यायला तयार होते. पण दिगूला घर सोडून चालणारच नव्हतं. त्यानं सांगलीत राहूनच सीपीटी दिली, पुढच्या वर्षी आयपीसीसीचा पहिला ग्रुप काढला आणि राजवाडा चौकातल्या एका जुन्या सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिपला लागला. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. स्टायपेंड म्हणजे बसचा पास, दोन वेळचा चहा आणि एखादं पुस्तक निघेल एवढाच. बी.कॉम. त्यानं मुक्त विद्यापीठातून करायचं ठरवलं.

ओंकार तिघांत सगळ्यात हुशार. एकदा वाचलं की पानासकट डोक्यात बसायचं. तोही पुण्याला गेला, पण कॉलेजसाठी नव्हे. क्लासमधल्या एका मोठ्या मुलानं त्याला मंत्र दिला होता : सीए व्हायला पदवी लागत नाही, पदवीला हजेरी लागत नाही आणि आर्टिकलशिपला फक्त सही लागते. ओंकारला ते पटलं. त्यानं एका कॉलेजात नाव घातलं. आयपीसीसी झाल्यावर पुण्यातल्याच एका ऑफिसात आर्टिकल म्हणून कागद भरले. ऑफिसचं दार त्यानं पाहिलं ते कागद द्यायला गेला तेव्हा, आणि तीन वर्षांनी कागद आणायला गेला तेव्हा. मधल्या काळात स्टायपेंड त्याच्या खात्यात जमा व्हायचा आणि रोखीनं परत जायचा. याला मुलं 'डमी' म्हणतात. संस्थेच्या नियमात हे बसत नाही, उघडकीला आलं तर कारवाई होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी चालतं. घरी कोणी विचारलं तर ओंकार म्हणायचा, "दोन्ही चालू आहे." खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. दोन्हीकडे नाव होतंच.

इथं मला थांबून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. यात ज्या हाताची सही लागते, तो हात मोठ्या माणसाचा असतो. ज्या सहीच्या भरवशावर बँक कर्ज देते आणि सरकार कर मान्य करतं, तीच सही पोराच्या खोट्या हजेरीवरही पडते. पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं असतं. त्याला दोष देण्याआधी त्या सहीकडे बघायला हवं. आणि घरच्यांनीही. 'कधी होणार सीए?' एवढंच विचारणाऱ्या घरात पोरं लवकरात लवकर होण्याची वाट शोधणारच.

वर्षं गेली. दिगूचे पहिले काही महिने झेरॉक्स काढण्यात, फायली लावण्यात आणि हिरव्या पेनानं व्हाउचरवर टिक मारण्यात गेले. घरी येऊन तो आईला म्हणायचा, "मी टिक मारायला शिकतोय." पण तेच करता करता त्याची नजर बसत गेली. पेट्रोलची पावती रविवारची असेल तर तो थांबायचा. दोन वेगळ्या दुकानांच्या बिलांवर एकच हस्ताक्षर दिसलं तर थांबायचा. सरांनी हे कधी शिकवलं असं त्याला सांगता आलं नसतं.

२०१६ च्या दिवाळीत पाडव्याला दुकानात वहीपूजन झालं. तिघंही आले होते. फराळ करता करता दिगूनं मृणालला आपली एक युक्ती सांगितली.

"बँकेचं रिकन्सिलिएशन करताना फरक आला की मी आधी नऊनं भागून बघतो. परवा अठराशेचा फरक येत होता. नऊनं भाग गेला. म्हटलं, आकडे उलटे पडलेत. बघतो तर काय, चेक ४८,६०० चा, आणि वहीत ४६,८००."

"का पण?"

"का म्हणजे? सिनियरनं सांगितलं. नेहमी जमतं."

मृणालनं ताटाशेजारच्या कागदी पिशवीवरच आकडे मांडले. "हे बघ. आठ हजाराच्या घरातून शंभराच्या घरात गेला, सहा शंभराच्या घरातून हजाराच्या घरात आला. हजार आणि शंभर यांच्यात फरक नऊशेचा. दोन्ही अंकांत फरक दोनाचा. नऊशे दुणे अठराशे. शेजारशेजारची कुठलीही दोन घरं घे, त्यांच्यातला फरक नऊच्याच पटीत असतो." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण दिगू, एखादं शून्य जास्त पडलं तरी नऊनं भाग जाणारच की. पाचशेचे पाच हजार झाले तर फरक पंचेचाळीसशे."

दिगू तिच्याकडे बघतच राहिला. मागच्याच महिन्यात एका साखर व्यापाऱ्याच्या वहीत तो अख्खी संध्याकाळ उलटे पडलेले आकडे शोधत बसला होता. शेवटी निघालं होतं एक जादा शून्य.

ओंकार जवळच बसला होता. कानात इअरफोन, मोबाइलवर लेक्चर दीडपट वेगानं. तो म्हणाला, "हे परीक्षेला येत नाही रे."

त्यानंतर आठच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. दिगूच्या ऑफिसात रात्री अकरापर्यंत दिवे जळायला लागले. कोणाकडे किती रोख शिल्लक होती, त्यात पाचशे-हजाराच्या नोटा किती, वहीत तेवढी दिसते का, हेच सतत. पुढच्या वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि पेठेतली जुनी जाणती माणसं वीस-बावीस वर्षांच्या पोरांसमोर वह्या घेऊन बसली. त्या दोन वर्षांत दिगूला दुकानदाराची भीती कळली. कायदा बदलला की माणसाच्या घशाला कोरड पडते, आणि त्याच्यासमोर बसलेल्यानं घाईनं बोलायचं नसतं, हे त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

पण त्याची एक बाजू लंगडी राहिली. काम आलं म्हणजे विषय आला, असं त्याला वाटायला लागलं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं फायनल दिली आणि कायद्याच्या पेपरात आपटला. कलम काय म्हणतं ते त्याला माहीत होतं, पण ते तसं का म्हणतं हे लिहिता आलं नव्हतं.

मृणाल पदवीधर झाली आणि त्या आधारावर थेट सीएच्या अभ्यासक्रमात शिरून २०१८ च्या सुरुवातीला आर्टिकलशिपला लागली. पहिल्याच आठवड्यात तिला एका कारखान्यात पाठवलं. तिथल्या कॅशियरनं कागदांचा गठ्ठा पुढं टाकला. त्यातली डेबिट नोट कुठली आणि क्रेडिट नोट कुठली हे तिला ओळखता येईना. दोन्हींच्या व्याख्या तिला तोंडपाठ होत्या, कागद मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. कॅशियर हसला. मृणाल म्हणाली, "काका, मला माहीत नाही. दाखवाल का?" त्यानं दाखवलं. रोज विचारत गेली आणि सहा महिन्यांत सावरली.

आणि ओंकार? तो त्याच नोव्हेंबरच्या फायनलला पहिल्या फटक्यात पास झाला. जानेवारी २०१९ मध्ये निकाल लागला, पेठेत पेढे वाटले गेले. दुकानाच्या दारात बोर्ड लागला : अण्णांचा नातू सीए झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला.

सांगलीकरांना पूर नवा नाही. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांमधली हळद गेली होती. जमिनीत खोल खणलेली ती पेवं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची साठवण. त्यात ठेवलेल्या हळदीला कीड लागत नसे. त्या पुरानंतर अण्णांनी पेवाचा नाद सोडला आणि हरिपूर रस्त्याला गोदाम घेतलं. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गोदामात छातीभर पाणी शिरलं, दुकानातला कॉम्प्युटर बुडाला, कपाटातल्या बऱ्याच पावत्यांचा लगदा झाला. पाणी उतरल्यावर गोदामाचं दार उघडलं तेव्हा जमिनीवर पिवळा चिखल होता आणि वास असा की माणूस मागं सरे. खालच्या थरातली पोती फुगून फुटली होती. वरच्या थरांतला माल वाचला होता.

अण्णांनी ओंकारला बोलावलं. घरात सीए एकच होता. "विम्याचं तू बघ," म्हणाले.

ओंकार मन लावून बसला. दिगूच्या ऑफिसात ३१ जुलैपर्यंतच्या हिशोबाचा बॅकअप होता, तो त्यानं घेतला. वर्षाच्या सुरुवातीचा माल, त्यात आलेला माल मिळवला, विक्रीतून नफ्याचं प्रमाण वजा केलं, आणि पुराच्या दिवशी गोदामात किती माल असायला हवा होता ते काढलं. पद्धत अगदी बरोबर. मांडणी इतकी देखणी की छापायला द्यावी. एकूण माल ८० लाखांचा, नुकसान ४० लाखांचं, विमा ६० लाखांचा. विमा मालापेक्षा कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते, हे सरासरीचं कलम त्याला पाठ होतं. चाळीस गुणिले साठ भागिले ऐंशी. दावा ३० लाखांचा.

सर्व्हेअर आले. शांत गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "यात तुमचा स्वतःचा माल किती, आणि शेतकऱ्यांचा किती?"

ओंकार गप्प.

"अडत दुकान आहे ना हे? न विकलेला माल शेतकरी तुमच्याकडेच ठेवून जातात. तो तुमचा नव्हे."

"हो. म्हणजे… ते वेगळं काढावं लागेल."

"काढा. आणि एक ते पाच ऑगस्टची आवक-जावक कशावरून धरलीत?"

"सरासरीनं."

सर्व्हेअर रागावले नाहीत. "चार दिवसांनी येतो," एवढंच म्हणाले आणि निघाले. ओंकार तिथंच एका उलट्या घातलेल्या पाटीवर बसला. हा माल कोणाचा, हे ज्या गोदामात लहानपणी तो लपाछपी खेळला होता त्या गोदामात उभं राहून त्याला सांगता आलं नव्हतं.

रात्री तिघं दुकानात बसले. मृणाल पुण्याहून आली होती.

दिगूनं कागद बाजूला ठेवले. "मी ३१ मार्चला इथली पोती मोजलीत," तो म्हणाला. "शेतकऱ्याचा माल उत्तरेच्या भिंतीला लागतो. प्रत्येक थप्पीवर खडूनं नाव आणि गाव असतं. अण्णांच्या मालावर दुकानाचा मार्का. खडू पाण्यात गेला, पण दिवाणजींच्या ठेव वहीत सगळं असणार." ती वही दिवाणजींनी पाणी वाढताना घरी नेली होती. "आणि एक ते पाच ऑगस्टचं म्हणशील, तर हमालांच्या मुकादमाला विचारू. त्याला पोत्यामागं पैसे मिळतात, एक पोतं इकडचं तिकडं होऊ देत नाही तो. त्याची वही घरी असते. बाहेर गेलेल्या मालाची ई-वे बिलं पोर्टलवर निघतील. बाजार समितीत सेस भरल्याची नोंद असेल. तिन्ही जुळली की सर्व्हेअरला काय बोलायचं राहतं?"

दुसऱ्या दिवशी तो आणि ओंकार मुकादमाच्या घरी गेले. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही होती. प्रत्येक गाडीपुढं उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी. ओंकारनं आयुष्यात पहिल्यांदा बाहेरचा पुरावा हातात धरला. ऑडिटच्या पेपरात त्याला त्याच प्रकरणावर सगळ्यात जास्त मार्क होते.

दरम्यान मृणाल विम्याची पॉलिसी वाचत बसली होती. सगळी, मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट. तिला त्यात दोन ओळी सापडल्या. स्वतःच्या मालासाठी ६० लाख. आणि इतरांचा विश्वासानं ठेवलेला माल, त्यासाठी वेगळे १५ लाख. दुसरी ओळ कोणी पाहिलीच नव्हती.

"सरासरीचं कलम प्रत्येक ओळीला वेगळं लागतं," ती म्हणाली.

मग आकडे नव्यानं मांडले. अण्णांचा स्वतःचा माल ५६ लाखांचा. विमा ६० लाखांचा, म्हणजे पुरून उरणारा. तिथं कपात लागतच नाही. स्वतःचं नुकसान २८ लाख, ते पूर्ण. शेतकऱ्यांचा माल २४ लाखांचा, विमा १५ लाखांचा, नुकसान १२ लाखांचं. बारा गुणिले पंधरा भागिले चोवीस, साडेसात लाख. दोन्ही मिळून साडेपस्तीस लाख. ओंकारच्या दाव्यापेक्षा साडेपाच लाखांनी जास्त, आणि त्यातले साडेसात लाख ज्यांची हळद भिजली त्या शेतकऱ्यांचे.

मृणालनं आणखी एक दाखवलं. दुसऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या ज्या मालावरच्या जीएसटीची वजावट आधीच घेतली होती, तो माल नष्ट झाला असेल तर कलम १७(५) प्रमाणे ती परत करावी लागते. "पैसे मिळताना हे कोणाला आठवत नाही," ती म्हणाली, "आणि दोन वर्षांनी नोटीस येते." दिगूनं ते कलम कितीदा तरी ऐकलं होतं. वाचलं मात्र त्या रात्री पहिल्यांदा.

सर्व्हेअरनी नवा दावा वाचला, मुकादमाची वही उलटून बघितली, काही ठिकाणी बोट ठेवून प्रश्न विचारले. पॉलिसीत ठरलेली वजावट होऊन दावा मंजूर झाला. शेतकऱ्यांच्या बुडीत उरलेल्या साडेचार लाखांपैकी निम्मे अण्णांनी आपल्या खिशातून दिले.

सर्व्हेअर वही बघून गेले त्या दिवशी दुकान बंद करताना ओंकार दिवाणजींपाशी रेंगाळला. दिवाणजी वाळायला ठेवलेल्या पावत्या एकेक करून उलटत होते.

"दिवाणजीकाका, सीए मी झालो. आणि काम त्या दोघांनी केलं."

दिवाणजींनी हातातली पावती खाली ठेवली. "पोरा, तू हुशार आहेस, त्यात काय शंका नाही. पण एक सांग. वहीत नोंद पडली म्हणून व्यवहार होतो का?"

"नाही. पावती लागते."

"मग? मृणालची तीन वर्षं कॉलेजात गेली, त्याची पावती आज दिसली. दिगूची ऑफिसात गेली, त्याचीही दिसली. तुझी तीन वर्षं दोन्हीकडच्या वहीत आहेत. तू होतास कुठं?"

ओंकारनं उत्तर दिलं नाही. दिवाणजींनाही ते नको होतं. ते म्हणाले, "वाट कुठलीही धर. कॉलेज चांगलंच, ऑफिसही चांगलंच. पण जिथं नाव घालशील तिथं जाऊन बस. हिशोबाचं काम म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं खरं आहे का ते बघायचं काम. ते करणाऱ्याची स्वतःची नोंद तरी खरी पाहिजे का नको?"

ओंकारला पुण्यात बरी नोकरी लागत होती. ती त्यानं घेतली नाही. राजवाडा चौकात सरांच्या ऑफिसात गेला आणि सगळं सांगितलं, डमीचंसुद्धा. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सही करायचा अधिकार तुला मिळालाय. पण माझ्या ऑफिसात पहिलं वर्षभर तू सही करायची नाहीस. व्हाउचर तपासायचीस, माल मोजायला जायचंस, बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचंस. पगार आर्टिकलपेक्षा थोडा जास्त देईन. सीएचा नाही."

"चालेल, सर."

त्याला सोपं गेलं नाही. एकोणीस वर्षांची आर्टिकल पोरं त्याला 'सीए साहेब' म्हणून हाक मारायची आणि तोच त्यांना विचारायचा, हे चलन कसं वाचायचं. इस्लामपूरच्या एका तेल गिरणीत डबे मोजताना तो पहिल्यांदा चुकला, परत मोजले, परत चुकला. तिसऱ्यांदा गिरणीच्या म्हाताऱ्या कामगारानं त्याला थप्पीची लांबी-रुंदी-उंची धरून मोजायला शिकवलं. दिगूला संध्याकाळी तो कायद्याचा पेपर शिकवायचा. ते त्याला उत्तम यायचं, आणि शिकवता शिकवता त्याला कळायचं की काही कलमं आपण पाठ केली होती, समजून घेतली नव्हती. दिगू पुढच्याच परीक्षेत सुटला. मृणाल करोनामुळं लांबलेली परीक्षा देऊन २०२१ मध्ये सीए झाली.

२०२४ मध्ये ओंकारची धाकटी बहीण बारावी झाली. तोवर नियम बदलले होते. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षं झाली होती, आणि आयपीसीसीच्या जागी आलेल्या इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास झाल्याशिवाय ती सुरूच करता येत नव्हती. घरात पुन्हा तीच चर्चा सुरू झाली. कॉलेज आधी की सीए आधी. आत्या एक म्हणायची, काका दुसरं.

बहिणीनं ओंकारला विचारलं, "दादा, तू सांग. काय करू?"

"तू काय ठरवलंयस?"

"क्लासमध्ये सगळी म्हणतात, कॉलेजला नुसतं नाव घाल. आणि नंतर ऑफिसचंही बघता येतं म्हणे."

ओंकारनं तिला समोर बसवलं आणि एक कोरा कागद दिला. "पुढच्या पाच वर्षांचं लिहायचं. रोज सकाळी दहा वाजता तू कुठं असशील, तेवढंच. कॉलेजात असशील तर कॉलेज लिही. ऑफिसात असशील तर ऑफिस. जिथं नसशील ते लिहायचं नाही."

ती तासभर बसली. दोनदा खोडलं. शेवटी तिनं तीन वर्षं कॉलेज लिहिलं, कारण तिला अर्थशास्त्र मनापासून आवडत होतं आणि ते शिकवणाऱ्या एक बाई सांगलीतच होत्या. त्याच काळात पहाटे उठून सीएचा अभ्यास, आणि त्यानंतरची दोन वर्षं ऑफिस.

ओंकारनं कागद वाचला. "यानं तुझं एखादं वर्ष जास्त जाईल, माहितीय ना? क्लासमधली पोरं तुझ्या आधी होतील."

"माहितीय."

"घरी कोणी बोललं तर मी बघतो," तो म्हणाला. "आणि सुट्टीत गोदामावर ये. ३१ मार्चला माल मोजायचाय, माणसं कमी पडतात."